सीमांतपूजनाचं जेवण

कोल्हापुरात चांगलं जेवण कुठे मिळतं, हा प्रश्न चारचौघांत विचारू नये. श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसबाहेर मी तो एका रिक्षावाल्याला विचारला आणि हातातला चहा संपायच्या आत तिथे सभा भरली. एक गट पद्मा गेस्ट हाउसचा, एक ओपलचा, आणि एक म्हातारे गृहस्थ दोन्ही गटांना पोरं समजून नुसता हात हलवणारे.

मी म्हणालो, "तसं नको. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे. जरा खास जागा हवी. शांत, मंद दिव्यांची, सावकाश जेवता येईल अशी."

"मंद दिवं?" रिक्षावाल्यानं विचारलं. "मग ताटात नळी कशी घावायची?"

"आणि शांत हॉटेल म्हंजे," म्हातारे पहिल्यांदाच बोलले, "चालत नसल्यालं हॉटेल."

सभा बरखास्त झाली.

ही हौस मुळात आमची नव्हे. मुलगी बंगळुरूला नोकरी करते. तिनं पैसे पाठवून बजावलं होतं, की यंदा तरी फाइन डाइनला जा, नाहीतर दर वर्षीसारखं देवळात जाऊन याल आणि उडप्याकडे डोसा खाल. आरोप खरा होता. सौभाग्यवतींचं आजोळ कोल्हापूर, अंबाबाईचं दर्शन राहिलेलं. तेव्हा देव आणि डाइन दोन्ही एकाच तिकिटात बसवून आम्ही कल्याणहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं बुधवारी सकाळी येऊन पोचलो. वाढदिवस गुरुवारी होता.

फाइन डाइन मला अगदीच नवं नाही. भाच्यानं एकदा मुंबईत नेलं होतं. परातीएवढं पांढरं ताट आणि त्याच्या कोपऱ्यात (गोल ताटाला कोपरा नसतो हे मला कळतं, पण पदार्थ कोपऱ्यातच होता) भोपळ्याचं काहीतरी. वाढणाऱ्या मुलानं आधी त्या भोपळ्याचं चरित्र सांगितलं. शेत कुठलं, माती कुठली, आचाऱ्याला तो पहिल्यांदा कुठे भेटला. चरित्र ऐकायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्या वेळात भोपळा संपला. घरी येऊन आम्ही पिठलं टाकलं.

सौभाग्यवतींच्या मामेभावाला ही हकीकत सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दाजी, आणि परत वाढलंच न्हाई?" त्याच्या मते जेवणात चोरी, भेसळ, उशीर सगळं क्षम्य, परत न विचारणं हा मात्र गुन्हा. कोल्हापुरात मटणाचं ताट मागवलं की मटणाची वाटी मोजकी असते, पण तांबडा आणि पांढरा रस्सा तुम्ही हात आडवा धरेपर्यंत येत राहतो. अनुभवी वाढपी तो आडवा हातही मानत नाही. पांढऱ्याचं वैशिष्ट्य असं, की तो दिसतो देवाच्या प्रसादासारखा. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू, तीळ. पाहुणा गाफील राहून तीन वाट्या पितो आणि मग त्यातली मिरी बोलू लागते. तांबड्याचं तसं नाही. कांदा-लसूण चटणीचा तो गडी लांबूनच दम देतो.

या विषयात हे शहर किती गंभीर आहे ते 2019 च्या अखेरीस सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. मटणाचे भाव चढले म्हणून इथे आंदोलन झालं, कृती समिती झाली, बैठकांवर बैठका झाल्या. इतर गावांत भाव वाढले की लोक कमी खातात.

"पण तुम्हाला खासच पायजे न्हवं? चला," म्हणून मेव्हण्यानं आम्हाला रंकाळ्यावर नेलं आणि शालिनी पॅलेससमोर उभं केलं. 1934 साली पुरा झालेला, राजकन्या शालिनीराजेंच्या नावाचा हा राजवाडा 1987 मध्ये हॉटेल झाला होता. घड्याळाचा मनोरा, कमानी, समोर तळं. मुलीनं पाठवलेल्या पैशांत मी मनातल्या मनात स्वतःची थोडी भर घातली.

"ह्याच्याइतकं खास दुसरं न्हाई," मेव्हणा म्हणाला. "फकस्त बंद हाय."

खरी अडचण पुढे निघाली. सौभाग्यवती गुरुवारी मांसाहार करत नाहीत. मेव्हण्यानं दुःखानं वार मोजले. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार अंबाबाईचा, शनिवार मारुतीचा. रविवार खरं तर जोतिबाचा, पण तिथे बऱ्याच घरांनी देवाशी परस्पर समझोता केलेला आहे. मग त्याला तोड सुचली. "तिथीनं करा की! शिवजयंती दोनदा होती, तुमचा वाढदिवस का हुईना?" भिंतीवरचं कालनिर्णय उतरवण्यात आलं. सौभाग्यवतींना तिथी पाठ होती: वैशाख वद्य एकादशी. म्हणजे पंचांगानं गेलो तर आमचा वाढदिवस जन्मभर साबुदाण्याच्या खिचडीवर. कालनिर्णय परत भिंतीवर गेलं.

संध्याकाळी पाय मोकळे करायला भाऊसिंगजी रोडनं निघालो, आणि मेव्हणा एकदम शहाण्यासारखं बोलू लागला. या रस्त्यावर गंगाराम कांबळ्यांचं चहाचं हॉटेल होतं. दलित म्हणून पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढून दिलं. पण भर वस्तीत त्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तेव्हा महाराज स्वतः येऊ लागले. गाडी दारात थांबवायची, चहा मागवायचा, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचा. कागदावर सही हवी असणाऱ्याला महाराज आधी इथला चहा घ्यायला लावत, असंही सांगतात. सोवळं एकीकडे आणि सही दुसरीकडे, अशा पेचात सापडलेल्या त्या कारभाऱ्यांचे चेहरे मला फार पाहावेसे वाटतात. हॉटेल निवडावं तर असं. हा माणूस 1922 साली वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला. आणि आम्ही सकाळपासून मंद दिवे शोधत होतो.

निकाल शेवटी मामींनी दिला. त्या स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "लग्न गुरुवारी. मग सीमांतपूजन कधी झालतं?"

"आदल्या दिवशी," मी म्हणालो.

"म्हंजे आज त्याला पंचवीस वर्षं झाली. जेवून या की!"

एवढा सरळ विचार सकाळपासून कुणालाच सुचला नव्हता. तासाभरात आम्ही एका बोळातल्या खानावळीत होतो. डोक्यावर ट्यूबलाइट, खाली स्टीलचं टेबल, शेजारी आठजणांची पैलवानी पंगत, आणि समोर भिंतीवर पाटी: 'एका ताटात दोघांनी जेवू नये.' पंचवीस वर्षांपूर्वी भटजींनी आम्हाला नेमकं तेच करायला लावलं होतं.

ताटं आली. सुकं, रस्से, भाकरी, कांदा, शेवटी पांढरा भात. भोपळ्यासारखं चरित्र कुणी सांगितलं नाही. वाढपी बादली घेऊन फिरत होता आणि दर फेरीला एकच शब्द उच्चारत होता, "रस्सा?" प्रश्नचिन्ह निव्वळ शिष्टाचाराचं, वाटी तोवर भरलेली असे. सौभाग्यवतींनी मुलीला पाठवायला फोटो काढला. त्यात मी नाक पुसताना आलो आहे.

बिल आलं तेव्हा मी खिशाकडे हात नेला. सौभाग्यवतींनी तो धरला. "सीमांतपूजनाचा खर्च मुलीकडचा असतो," त्या म्हणाल्या आणि भावाकडे बघितलं. मेव्हण्यानं मुकाट पाकीट काढलं. मला जोर चढला. नवरदेवाला या प्रसंगी रुसायचा हक्क असतो आणि आमच्या वेळी मी तो संकोचानं सोडून दिला होता. मी हात छातीशी बांधले, तोंड फिरवलं आणि घड्याळ मिळाल्याशिवाय उठणार नाही असं जाहीर केलं.

मेव्हण्यानं वाढप्याला हाक मारली. "दाजी रुसल्यात. जरा पांढरा आण."