सॅन फ्रान्सिस्कोचं कात्रज

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया
मे महिन्याचा शेवटचा रविवार

ती. आई आणि आप्पा यांस,
सा. न. वि. वि.

काका-काकू सुखरूप आहेत, हे आधी लिहिते. काकांनी "अस्वलांच्या रानात जाऊन आलो" एवढंच सांगून फोन ठेवला आणि आई रात्रभर जागी राहिली, असं कळलं. अस्वल कुणालाच दिसलं नाही. दिसलं असतं तर काकूनं त्याला बसवून जेवायला वाढलं असतं, तेव्हा न दिसलं तेच बरं.

तर आम्ही योसेमिटीच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलो. आम्ही सहा जण, गाडी पाच जणांची. शिवाय घाटात प्रत्येक वळणावर तुमच्या जावयांना व्हिडिओ काढायचा असतो आणि स्टिअरिंगही त्यांच्याच हातात असतं. म्हणून मी सरळ सहलीच्या बसची तिकिटं काढली. सकाळी सहाला सॅन फ्रान्सिस्कोहून निघायचं, रात्री परत, माहिती सांगायला गाईड.

बस सुटायच्या आधीच काकांचा पहिला आक्षेप आला. गाईड आणि ड्रायव्हर एकच माणूस! कानाला माईक लावून तोच बोलत होता, तोच गिअर टाकत होता. "गाडी हा चालवणार, तिकिटं हा बघणार, गप्पाही हाच मारणार. मग बेल कोण देणार?" पीएमटीत जन्म घालवून कात्रज डेपोतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हे सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी ड्रायव्हरच्या मागची सीट धरली आणि प्रत्येक थांब्यावर माणसं मोजायचं काम आपणहून अंगावर घेतलं. गाईडनंही ते खुशीनं सोडलं. सगळे चढले की काका दरवाज्याच्या दांडीवर अंगठीनं दोनदा टकटक करायचे. दुपारपर्यंत त्या टकटकीशिवाय गाडी हलेनाशी झाली.

अल्टामाँटच्या पवनचक्क्या मागे पडल्या, बदामाच्या बागा सुरू झाल्या, तसं काकूनं पिशवी उघडली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं आणि लसणाची चटणी. अख्ख्या बसला कळलं. नेमका त्याच वेळी गाईड अस्वलांबद्दल सांगायला लागला. तिथल्या काळ्या अस्वलांचं नाक असं तिखट, की वास येणारी कुठलीही वस्तू ती खाणंच समजतात, टूथपेस्टसुद्धा. रात्री गाडीत खाऊ विसरलात तर गाडीचं दार उचकटतात, म्हणून मुक्कामाच्या जागी लोखंडी पेट्या ठेवल्यात. एवढं सांगून त्यानं आरशातून मागे पाहिलं आणि "ती पिशवी कुणाची?" असं विचारलं. काकूला वाटलं, बिचारा पहाटेपासून उपाशी आहे. पुढच्या थांब्यावर तिनं चटणी लावलेली दशमी त्याच्या हातात ठेवली. त्यानं ती खाल्ली. मग बराच वेळ माईकवरून नुसतं पाणी प्यायल्याचा आवाज येत होता. पण आई, परत निघताना त्यानं दुसरी मागून घेतली!

आप्पा, आता तुमच्यासाठी. हे सावकाश वाचा.

घाट सुरू व्हायच्या आधी मोकासिन नावाचं ठिकाण लागतं. तिथं डोंगरावरून मोठाले पाइप उतरतात आणि पायथ्याला वीजघर आहे. गाईड म्हणाला, "सॅन फ्रान्सिस्कोचं पाणी इथून जातं." योसेमिटीच्याच उद्यानात, वायव्येला हेच हेची नावाची दुसरी दरी आहे. तीही अशीच कडे-धबधब्यांची. तिथं शहरानं धरण बांधलं आणि दरी पाण्याखाली घातली. तिथून शहरापर्यंत १६७ मैल, म्हणजे पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, पाणी निव्वळ उतारानं येतं. वाटेत पंप नाही.

हे ऐकलं मात्र, काका सीटवरून उठून उभे राहिले. तुमचेच बंधू ते! तुम्ही पाहुण्यांना चहाच्या आधी कात्रजचं तळं दाखवता, ते काय वाया जाणार? थोरलीला दुभाषी करून त्यांनी सगळ्या बसला सांगितलं, की आमच्या गावच्या तळ्यातून नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास पुण्यात असंच पाणी नेलं, जमिनीखालच्या नळातून, नुसत्या उतारावर. वाटेत हवा खेळायला उच्छ्वास ठेवले, आणि शहरात शनिवारवाडा, काळा हौद, बदामी हौद, साततोटी, सगळीकडे पाणी पोचवलं. "तुमच्या शहराचा तेव्हा पत्ता तरी होता का?" हे शेवटचं वाक्य थोरलीनं भाषांतरातून गाळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या सीटवरच्या एका आजोबांनी विचारलं, "ते पाणी लोक अजून पितात का?" काका म्हणाले, "पुढचा प्रश्न."

पण खरी मौज पुढेच आहे. दरी सरकारची, धरण शहराचं. १९१३ च्या कायद्यात भाडं ठरलं. सुरुवातीला कमी, मग टप्प्याटप्प्यानं वाढत वर्षाला तीस हजार डॉलर, आणि तिथंच थांबलं. आजही अख्खी दरी वापरायचे वर्षाला तीस हजार! आमच्या इकडे एका घराचं वर्षाचं भाडं याहून जास्त होतं. आप्पा, हे तर सरळ पगडीचं भाडं झालं. तुम्ही कात्रजला यायच्या आधी शनिवारातल्या वाड्यात किती वर्षं पंचेचाळीस रुपयांवर राहिलात, ते आठवा आणि शहराची बाजू घ्या. मालकाची बाजू मांडायला काकूचं माहेर आहेच. २०१२ साली शहरात मतदान झालं, की दरी मोकळी करायचा आराखडा तरी तयार करावा का. लोकांनी दणकून नाही म्हटलं. चालू नळ कोण सोडेल?

जॉन म्युअर नावाचा एक स्कॉटिश माणूस या धरणाविरुद्ध वर्षानुवर्षं भांडला. योसेमिटीला १८९० मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, त्यामागे याचीच खटपट होती. पण १९०६ च्या भूकंपात आणि पाठोपाठच्या आगीत सॅन फ्रान्सिस्को जळालं आणि पाण्याची बाजू भारी पडली. १९१३ च्या डिसेंबरात कायद्यावर सही झाली, पुढच्या डिसेंबरात म्युअर गेला. धरण १९२३ ला उभं राहिलं, पाणी शहरात पोचायला १९३४ उजाडलं. आमच्या फ्रीमॉन्टच्या नळालाही त्यातलं थोडं येतं. तेव्हा मी कुठल्या तोंडानं म्युअरची बाजू घेऊ? चहा त्याच पाण्याचा करते.

मग घाट. घाटाला काकांनी दहापैकी सात गुण दिले. वळणं पैकीच्या पैकी, चढही चोख, पण वर पोचल्यावर वडापाव नाही, तिथे तीन कापले.

उद्यानातली मुख्य दरी वावोना बोगद्याच्या तोंडाशी उभं राहिलं की एकदम समोर येते. डावीकडे एल कॅपिटान, पायथ्यापासून नऊशे मीटर उभा एकसंध कातळ. उजवीकडे ब्रायडलव्हेल धबधबा, मागे अर्धा कापल्यासारखा हाफ डोम. तिथं काकासुद्धा गप्प झाले. नंतर म्हणाले, "जुन्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावरही दिसायचं हो असं काहीतरी, होर्डिंगं लागायच्या आधी." जन्मभूमीचा अभिमान बाळगावा, पण किती!

ब्रायडलव्हेलची धार वाऱ्यानं सारखी इकडून तिकडे सरकते, कधी खाली पोचायच्या आत तिचा धुरळा होतो. योसेमिटी धबधबा मात्र दणदणीत आहे. तीन टप्प्यांत मिळून ७३९ मीटर, त्यातली वरची उडीच ४३६ ची. धाकट्यानं हिशेब केला, की दूधसागर एकावर एक दोनदा ठेवला तरी वर शंभरेक मीटर उरतात. काकू शांतपणे म्हणाली, "पण दूधसागराला रेल्वे आहे." यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

तिला कोडं पडलं ते वेगळंच. आभाळात ढगाचा टिपूस नाही, मेचं कडक ऊन, आणि धबधबा आपल्या जुलैसारखा फुगलेला. गाईडनं समजावलं. इथला धबधबा पावसावर नाही, बर्फावर चालतो. हिवाळ्यात वर साठलेलं बर्फ मे-जूनमध्ये वितळतं. खालचा डोंगर उघडाबोडका ग्रॅनाइटचा, पाणी धरून ठेवायला माती नाही, त्यामुळे बर्फ संपलं की पाणी संपलं. आपलं ठोसेघर ऑगस्टमध्ये ऐन भरात असतं, तर हा ऑगस्टमध्ये बरेचदा ठणठणीत कोरडा. सुट्टीत लांबून आलेली माणसं नुसता कातळ बघून जातात म्हणे.

ढग नाहीत म्हणून काकूनं छत्री बसमध्येच ठेवली होती. खालच्या टप्प्याजवळ एक पूल आहे. तिथं पोचलो आणि वाऱ्याची दिशा बदलली. नुसते तुषार म्हणणं हा त्या पाण्याचा अपमान होईल. बर्फातून थेट आलेलं पाणी ते! इतर मंडळी प्लास्टिकचे कोट घालून आली होती. काकू इरकलीत, पायात बूट, डोक्यावर काकांची कानटोपी. नखशिखांत भिजली, पण हलली नाही. काका "अगं चल, अगं चल" करत मागे ओढत होते आणि ती पुलाच्या मधोमध कठड्याला धरून उभी, चष्म्यावरून पाणी ओघळतंय, आणि मोठ्यानं हसतेय. काकूला इतकं मोठ्यानं हसताना मी तरी पाहिलं नव्हतं. मग बाहेर येऊन तिनं पदर पिळला, शाल एका मोठ्या धोंड्यावर वाळत घातली आणि म्हणाली, "ऊन उत्तम आहे यांच्याकडे. दोरी बांधायला हवी होती." येणारेजाणारे त्या शालीचा फोटो काढत होते. बहुधा एखाद्या विधीचा भाग समजले असावेत.

दरीत फिरायला उद्यानाची बस आहे, चकटफू. काकांनी दोनदा विचारून खात्री केली. मग आम्ही जेवत असताना एकटेच एक पूर्ण फेरी मारून आले. निसर्ग बघायला नव्हे, दोन गाड्यांमधलं अंतर घड्याळ लावून तपासायला. "वेळ बऱ्यापैकी पाळतात," एवढं प्रशस्तिपत्र मिळालंय.

तिथल्या संग्रहालयामागे मूळ रहिवाशांच्या, अवाह्नीची लोकांच्या सालींच्या झोपड्यांसारख्या झोपड्या उभ्या केल्यात. थोरलीनं पाटी वाचली. १८५१ मध्ये बंदूकधारी तुकडी दरीत शिरली ती या लोकांना हुसकायला. त्यांचा म्होरक्या तेनाया. पकडल्यावर त्याला सांगण्यात आलं, की वरच्या तळ्याला तुझं नाव देतोय. तो म्हणाला, त्या तळ्याला आमचं नाव आहे आधीपासून. तळ्याला आज तेनायाचंच नाव आहे. आणि इकडे लिंकननं १८६४ मध्ये दरी राखून ठेवण्याच्या कागदावर सही केली, ती दरी कधीही न बघता. तळ्याच्या नावावरून काका म्हणाले, "पानशेत काय वेगळं? गाव पाण्याखाली, नाव धरणाला." मग त्यांनी लिंकनला माफ केलं, कारण सरकारी कागदावर जागा बघून सही करणारा साहेब त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

परतीची वेळ साडेतीनची. काकांनी मोजलं, दोन कमी. कोण, तर तुमचे जावई आणि धाकटा! एल कॅपिटानवर दोर लावून चढणारी माणसं मुंग्यांएवढी दिसतात, त्यांचा व्हिडिओ काढत बसले होते. तीन पस्तीस झाले. गाईड म्हणाला, दहा मिनिटं थांबू. काका म्हणाले, "सुटायची वेळ म्हणजे सुटायची वेळ. आज जावयासाठी थांबलात, तर उद्या कुणासाठीही थांबावं लागेल." गाईड बिचारा त्यांना हात जोडून थांबवतोय, आणि सख्खे चुलतसासरे दांडीवर टकटक करायला अंगठी सरसावून उभे. मी दारात पाय ठेवून बसले. दोघं धापा टाकत आले, तेव्हा काकांनी त्यांना चढू दिलं, पण उभं राहून यावं असा आग्रह धरला. तो मागे घ्यावा म्हणून घाट उतरेपर्यंत काकूला बोलावं लागलं.

काकूच्या सामानात जागा आहे, तेव्हा बदाम पाठवतेय, त्याच बागांच्या भागातले. आई, ते डब्यात ठेवून दिवाळीची वाट पाहू नकोस, खाऊन टाका.

तुमची लाडकी,
ताई

ता. क. आप्पा, थोरलीनं शाळेच्या प्रकल्पाला "हेच हेची आणि कात्रज" हाच विषय घेतलाय आणि बाईंना तो पसंत आहे. तिला उच्छ्वासाचा फोटो हवाय. सातारा रस्त्याच्या बाजूला कुठे धड उरलेला दिसला तर काढून पाठवा. वाकून आत बघू नका. आणि फोटोत मधोमध उभे राहू नका, मागच्या वेळी तुमच्यामागे तळं दिसतच नव्हतं.