ब्रेकवाले नाना

शोरूममधून येते ती गाडी कंपनीची. घरची होते ती फिटिंग झाल्यावर. नानांचं हे मत एरंडोलात सर्वमान्य आहे, कारण इथे गल्लीगणिक एक नाना आहेत. कुठे त्यांना अप्पा म्हणतात, कुठे तात्या. आमच्या नानांची बोलेरो मात्र लांबूनच ओळखू येते. वर कॅरियर, बाजूला पायदान, आत गणपती, गणपतीला निळा दिवा आणि रिव्हर्स टाकला की आरती. पुढे लोखंडी बंपरही होता. 2017 च्या डिसेंबरात केंद्राने राज्यांना अशा बंपरांवर कारवाई करायला सांगितलं, तेव्हा नानांनी तो उतरवला आणि खळ्यात गोठ्याच्या दाराला ठोकला. नानांची फिटिंग वाया जात नाही, फक्त जागा बदलते.

गाडीच्या मागे हूक होता. हूक आहे म्हटल्यावर त्याला काहीतरी जोडायलाच हवं, म्हणून नानांनी दोन चाकांची छोटी ट्रॉली करून घेतली. सोबत कारणंही तयार होती: जिनिंगला कापूस, आखाजीला लेकीचं सामान, पद्मालयाच्या भंडाऱ्याला पातेली. पद्मालय एरंडोलपासून दहाएक किलोमीटर. तिथून परतताना उतारावर भरलेली ट्रॉली गाडीला मागून रेटू लागली. मागे बसलेल्या पोरांना वाटलं, गाडी आज काय मस्त पळतेय! नानांना कळलं की गाडी पळत नाहीये, पळवली जातेय.

दुसरा कोणी असता तर गणपतीला नारळ बोलून मोकळा झाला असता. नानांनी अमेरिकेतल्या पुतण्याला फोन लावला. तिकडे लोक घरच्या गाडीमागे नाव, घोडा, अख्खं बिऱ्हाड बांधून हिंडतात आणि ट्रेलर जड असला तर त्याला स्वतःचे ब्रेक असतात. युरोपात तर 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला ते लागतातच. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हे ब्रेक विजेवर चालतात. ट्रेलरच्या ड्रममध्ये चुंबक असतं. करंट मिळाला की ते फिरत्या ड्रमला चिकटू पाहतं, त्या ओढीने दांडी सरकते आणि ब्रेकशू फाकतात. करंट किती सोडायचा ते ठरवणारी डबी गाडीत ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ बसते. तिचं नाव ब्रेक कंट्रोलर. चांगल्या डबीला गाडी किती जोरात मंदावतेय ते समजतं, आणि ती त्याच मापाने ट्रॉलीलाही आवळते.

डबी आली. पुतण्याच्याच एका मित्राने ती आणली आणि नानांनी त्याच दिवशी बसवायला घेतली. वायरिंगवाल्याने डोकं खाजवलं.

“नाना, गाडीले ब्रेक शेत ना? मंग ट्रालीले कसाले?”

“जोडीना येक बैल थांबना आनि दुसरा थांबना नही, मंग काय व्हई?”

वायरिंगवाला गप्प बसला आणि त्याने निळी वायर ओढली. नंतर उलगडलं की ट्रॉलीत चुंबकंच नाहीत, त्यामुळे डबी नुसता आकडा दाखवते, थांबवत काही नाही. पुढचं वर्षभर नानांनी तो आकडा पाहुण्यांना दाखवला. मग पुतण्या स्वतः आला. त्याच्या 23 किलोच्या बॅगेतून काकूंचे बदाम बाहेर राहिले आणि चुंबकांसकट ब्रेकशू आत आले. ड्रम जळगावला लेथवर कातून झाले. काकू एवढंच बोलल्या, “तुमना डोकाले बी येक ब्रेक बसाडी ल्या.”

डबीवर गेनचा आकडा असतो. भार वाढला की तो वाढवायचा, रिकाम्या ट्रॉलीला कमी करायचा, नाहीतर चाकं जाम होऊन फरपटतात. तेव्हापासून चारचौघे बीपी-शुगरचे आकडे सांगतात तसे नाना गेनचा सांगतात. “आज कापूस होता, साडेसहावर चालवली.” पहाटे रस्ता मोकळा असताना ते चाळीसच्या वेगात डबीची बारकी दांडी दाबून नुसती ट्रॉलीच थांबवून बघतात. पाठीमागचा दूधवाला रोज शिव्या देतो.

गाव हसलं. हसणारच. बंपरला कोणी हसलं नव्हतं, आरतीला तर हात जोडले होते. ज्या हायवेचा नंबर सहाचा त्रेपन्न होऊनही लोक त्याला सहाच म्हणतात, त्याच्यावर कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या रात्री एका पिनीच्या भरवशावर जातात. ब्रेक फक्त ट्रॅक्टरला, आणि मागे लाल दिव्याऐवजी, फार झालं तर, पोत्यांवर झोपलेला गडी. तिथे कोणाला हसू येत नाही.

आमच्या खानदेशात ओढण्याला मान आहे. चैत्र-वैशाखात गावोगाव बारागाड्या ओढतात. एकामागे एक बारा बैलगाड्या बांधलेल्या, वर माणसं लटकलेली, आणि पुढे एकटा भगत. गुलाल त्याच्यावर, फोटो त्याचा, बातमीत नाव त्याचं. पण गाड्या एकदा वेगात आल्या की त्यांना आवरायला चाकांना मोगरी लावणारी माणसं असतात. त्यांचा हात चुकला तर भगतच चाकाखाली येतो. भगत कोण ते अख्ख्या गावाला पाठ असतं; मोगरीवर कोण होतं ते त्यांच्या घरच्यांना विचारावं लागतं.

ही आवड जुनी असणार. एकचक्रानगरी म्हणजे आपलं एरंडोल, असं इथे मानतात. बकासुराकडे गाडाभर भात आणि दोन रेडे घेऊन भीम निघाला तो इथूनच. त्याने वाटेत काय खाल्लं ते लहान पोरही सांगतं. गाडा उतारावर कसा आवरला, हे विचारणारे पहिले नानाच.

माझ्या मते नानांच्या सगळ्या फिटिंगमध्ये शहाणपणाची एवढी एकच, आणि नेमकी तिलाच गाव हसलं. नानांनी ट्रॉलीची वेगळी नोंदणीही केली. एमएच 19 ची पाटी, दोन लाल दिवे, वर रेडियमची पट्टी. एरंडोलजवळ अशी ट्रॉली पुढे दिसली तर अंतर ठेवा, ती खरंच थांबते. आणि हॉर्न वाजवू नका. नाना गाडी बाजूला घेतील, तुम्हाला उतरवतील आणि गेन समजावून सांगतील.