कम्युनिकेटरवाला

कम्युनिकेटरवाला ही जमात १९९६ मध्ये, नोकियाचा ९००० कम्युनिकेटर आल्याबरोबर उदयाला आली आणि फिनलंडमधून युरोपभरच्या विमानतळांवर पसरली. वय चाळिशीचं, हुद्दा मॅनेजरचा. पण खरी खूण म्हणजे कोटाचा एक खिसा दुसऱ्याहून खाली लोंबलेला. यंत्राचं वजनच ३९७ ग्रॅम. तिथे शिंपी तरी काय करणार?

मिटलेलं असताना हे यंत्र म्हणजे नुसता जाडजूड मोबाइल. उघडलं की आत आडवा कृष्णधवल पडदा, चिमुकला कीबोर्ड आणि इंटेलचा ३८६ प्रोसेसर. फॅक्स, ई-मेल, एसएमएस, पत्ते, भेटीगाठींच्या वेळा, सगळं त्यात. एवढं ऐश्वर्य झाकून ठेवणं कम्युनिकेटरवाल्याच्या स्वभावात नसे. ते उघडायला त्याला टेबल लागे आणि टेबलाभोवती माणसं लागत. झाकण सावकाश वर जाई, चष्मा कपाळावरून नाकावर येई आणि ‘सहाला पोहोचतो’ एवढा मजकूर तो भल्यामोठ्या कराराच्या गांभीर्याने टाइप करी.

फॅक्स हे त्याचं ब्रह्मास्त्र. कागदाशिवाय, जागचं न उठता फॅक्स जातो, याचं त्याला स्वतःलाच अप्रूप. फॅक्स गेला की त्याच यंत्रावरून ऑफिसात फोन लावून तो ‘मिळाला का?’ विचारी. मिळाला म्हटलं तरी भागत नसे. वाचून दाखवावा लागे.

फोनवर बोलताना मात्र ऐट जरा ढळे. आकडे दाबायचे पुढून आणि ऐकायचं-बोलायचं यंत्राच्या पाठीकडून. त्यामुळे गृहस्थाने फोन उलटा धरलाय, असंच बघणाऱ्याला वाटे. बोलता बोलता झाकण उघडलं तर स्पीकर सुरू होई आणि ‘येताना दूध आणा’ हा घरचा निरोप अख्ख्या टेबलाला कळे.

१९९७ च्या ‘द सेंट’ चित्रपटात वॅल किल्मरच्या हाती हेच यंत्र दिसलं, मग तर विचारायलाच नको. पामपायलट ही खिशातली इलेक्ट्रॉनिक डायरी वापरणाऱ्याला तो हिणवी, कारण तिच्यात फोन नव्हता. तो बिचारा दोन पेन्सिल सेलांवर आठवडेच्या आठवडे काढी. हा मात्र जाईल तिथे आधी भिंतीतला प्लग शोधे.

१९९८ मध्ये बराच हलका ९११० आला. कम्युनिकेटरवाल्याने तोही घेतला, पण त्याची एक तक्रार राहिलीच: टेबलावर ठेवला तर पुरेसा आवाज होत नाही.