परराष्ट्र खातं, मुक्काम लाखनी

राष्ट्रीय महामार्ग 53 गुजरातेत हजिऱ्याला सुरू होतो आणि ओडिशात पारादीपला संपतो, असं सरकार म्हणतं. गुरुजींचं म्हणणं, तो लाखनीला येतो. पुढे जातो तो नाइलाज म्हणून.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला भंडारा जिल्ह्यात करण्यासारखं पुष्कळ असतं. धान आहे, पतसंस्था आहे, भजनी मंडळ आहे, वर्तमानपत्रांना पत्रं पाठवता येतात. गुरुजींनी विदेशी पाहुणे धरले. सांस्कृतिक आदानप्रदानासाठी परक्या देशातला माणूस घरी उतरवून घेणाऱ्यांची एक जमातच असते. पुण्यात ती आहे, गोव्यातही आहे. पण तिकडे पाहुणा आपल्या पायांनी दारात येतो. आमच्याकडे तो धरून आणावा लागतो. समुद्र नाही, बर्फ नाही, विमानतळ नाही. वाघ आहेत, पण नवेगाव-नागझिऱ्यात; ते बघायला येणारा जंगलाच्या दारातच रिसॉर्टात उतरतो. पवनीला दोन हजार वर्षांहून जुने स्तूप आहेत, 1969-70 मध्ये तिथे उत्खनन झालं. जवळच रुयाडला महासमाधी भूमीत जपानी भिक्खू येतात, पण ते संघाचे पाहुणे. ‘आपल्या जिल्ह्यात येऊन आपल्याकडे चहासुद्धा नाही,’ हे शल्य गुरुजींच्या मनात आहेच.

उरतो सायकलवाला. युरोपातून निघून आग्नेय आशियाकडे चाललेला, पुढे-मागे चार पिशव्या लटकवलेला हा मनुष्य मुंबईहून कोलकात्याला जाताना नागपूर-रायपूर रस्ता धरतो. नागपूर सोडलं की 80-85 किलोमीटरवर लाखनी. बरोबर एका दिवसाची मजल. जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाच्या नजरेतून हे सुटतं होय?

पाहुणे उतरवून घेणाऱ्या या जमातीच्या जगभर संघटना आहेत. माणसं एकमेकांच्या घरी जेवली-राहिली तर लढाया थांबतील, अशा आशेने 1949 मध्ये डेन्मार्कमध्ये ‘सर्व्हास’ निघाली. (लाखनीवर तरी त्यानंतर कोणी चढाई केलेली नाही.) 2004 मध्ये ‘काउचसर्फिंग’ आलं, 2020 मध्ये त्याला पैसे पडायला लागले तेव्हा गुरुजींनी ते तत्त्व म्हणून सोडलं. सायकलवाल्यांसाठी ‘वॉर्मशॉवर्स’ वेगळं. त्यात पाहुण्याला गरम पाण्याची अंघोळ मिळावी अशी अपेक्षा असते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की गुरुजी ती गच्चीवरच्या टाकीतून, विजेचा पैसा न लागता, दिवसभर पुरवतात.

मग लाखनीवर उड्डाणपूल झाला. गावाची वाहतुकीच्या कोंडीतून सुटका झाली, गुरुजींना मात्र सुतक आलं. सायकलवाला डोक्यावरून निघून जायला लागला! पण परराष्ट्र खातं असं हार मानत नाही. पुलाच्या नागपूरकडच्या तोंडाशी एक पानठेला आहे. तिथला पोरगा खर्रा घोटता घोटता रस्त्यावर नजर ठेवतो आणि फोन करतो, ‘गुरुजी, एक येऊन राहिला. लाल पिशव्या, दाढी, घामेजला आहे पुरा.’ लगेच पुतण्या मोटरसायकल काढतो. पुढचं वर्णन मी करत नाही. एका फ्रेंच माणसाला आपण लुटले जातोय असं वाटलं होतं, एवढंच सांगतो.

दारात पोचलेल्या पाहुण्याला गुरुजी एका हाताने पाण्याचा गडवा देतात आणि दुसऱ्या हाताने पासपोर्ट मागतात. यात मात्र त्यांचं चुकत नाही. विदेशी माणूस घरी उतरला की 24 तासांच्या आत त्याची माहिती ज्याला सगळे ‘सी फॉर्म’ म्हणतात त्यात भरून नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवावी लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी हा अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक. मोठ्या शहरातले हौशी यजमान हे विसरतात. गुरुजी रात्री झोपेतही विसरायचे नाहीत. नाव, पासपोर्ट क्रमांक, व्हिसा क्रमांक, कुठून आला... ते मोठ्याने वाचत भरतात. ‘पुढे कुठे जाणार’ या रकान्यापाशी आवाज थोडा पडतो.

दिवसभर उन्हात सायकल मारून आलेल्या माणसाला तीनच गोष्टी हव्या असतात: अंघोळ, भात आणि झोप. आमच्याकडे त्याला आधी फॉर्म, मग सत्कार, मग त्याचं मनोगत आणि मग ग्रुप फोटो मिळतो. अर्ध्या चड्डीवर शाल, हातात श्रीफळ. माजी नगरसेवक विश्वबंधुत्वावर बोलतात. गुरुजी प्रास्ताविक करतात, त्यात ह्युएनत्संग येतोच. तो दक्षिण कोसलात येऊन गेला हे इतिहासात आहे. जाताना तो वैनगंगेकाठी जेवला, ही भर गुरुजींची.

त्यानंतर प्रश्नोत्तरं. प्रश्न एकच असतो.

‘सायकल कितीले पडली जी?’

पाहुणा युरोमध्ये आकडा सांगतो. गुरुजी तोंडी गुणाकार करून जाहीर करतात, अडीच लाख. अंगणात शांतता पसरते.

‘येवढ्यात तं बुलेट आली असती, बापा.’

‘आन् पाय बी नसते दुखले.’

‘काय म्हणतात?’ पाहुणा विचारतो.

‘तुमच्या जिद्दीचं कौतुक करताहेत,’ गुरुजी इंग्रजीत सांगतात. परराष्ट्र खातं चालवायचं तर एवढं यावंच लागतं. मागे पन्नाशीच्या एक बाई एकट्याच सायकलवर आल्या होत्या. त्यांना शेजारच्या आजीने ‘लग्न काहून नाई केलं?’ असं विचारलं. गुरुजींनी त्याचं भाषांतर ‘तुमच्या देशात पाऊस किती पडतो?’ असं केलं. बाईंनी सविस्तर उत्तर दिलं. आजी म्हणाली, ‘बरोबर आहे तुझं.’

पाहुणा यायचा म्हटलं की गुरुजींचं घर भारतीय व्हायला लागतं. एरवी ते आपल्या सगळ्यांच्या घरांइतपतच भारतीय आहे. जेवणाचं टेबल मागच्या अंगणात जातं, पाट निघतात, टीव्हीवर आंधळगावच्या कोशाचं उपरणं पडतं. स्टीलची ताटं लपवून पळसाच्या पत्रावळी मांडल्या जातात. एकदा तर कूलरही आतल्या खोलीत ढकलून पाहुण्याच्या हाती ताडाचा पंखा दिला होता. त्याने जरा वेळ वारा घेतला आणि पलीकडे घरघरतंय ते काय, असं अदबीने विचारलं. मांडी घालून बसण्याचं प्रात्यक्षिक गुरुजी स्वतः देतात. पाहुणा बहुधा ऋषिकेशला महिनाभर योग करून आलेला असतो, तो पद्मासनात बसतो. जेवण झाल्यावर तो उठतो. गुरुजींना दोघं उठवतात.

वाढल्याबरोबर जेवू देतील तर ते गुरुजी कसले? भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि त्याचा सुवास हा सांगण्याचा विषय आहे, अशी त्यांची समजूत. पानात वाफ निघत असताना त्यांचं सुरू होतं; मानांकन मिळेपर्यंत भात गार होतो. मग पाहुण्याला त्याच्या देशाची माहिती मिळते. नेदरलँड्सच्या एका पोराला त्यांनी पोल्डर म्हणजे काय, समुद्र हटवून जमीन कशी करतात, हे मिठाच्या वाटीने आणि वरणाने समजावून दिलं. त्याचं बालपण त्याच जमिनीवर गेलं होतं. त्याने मान डोलावली. बिचाऱ्याला पापड हवा होता.

हिवाळ्यात आला तर विचारूच नका. सायकलवाल्यांचा हंगाम आणि आमचा मंडईचा हंगाम एकच. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई येतात, रात्री दंडार असते नाहीतर झाडीपट्टीचं नाटक. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि उजाडता उजाडता संपतं. पाहुणा पुढच्या रांगेत, शाल पांघरून. तो पहिल्या अंकातच झोपतो. गुरुजी दर प्रवेशाला त्याला हलवून कथानक सांगतात. ‘आता सासूला पश्चात्ताप होतो आहे.’ तो डोळे उघडून सासूकडे बघतो. त्या क्षणी त्या सासूइतकं दुःखी दुसरं कोणी असेल तर तोच.

आणि सकाळी निघताना पितळ. भंडारा ही एकेकाळी पितळी भांड्यांची नगरी. स्टील आलं आणि तो धंदा बसला. गुरुजींच्या मते तो वाचवण्याची जबाबदारी आता युरोपवर आहे. ज्या माणसाने वजन वाचवावं म्हणून दात घासायच्या ब्रशचा दांडा करवतीने अर्धा कापलाय, त्याला ते दीड किलोची समई देतात. वर कालचं श्रीफळ. माणूस सुसंस्कृत असतो, तो दोन्ही बांधून घेतो, हात हलवतो आणि साकोलीच्या दिशेने दिसेनासा होतो. पुढे देवरीच्या अलीकडे एक ढाबा आहे. त्याच्या गल्ल्यामागच्या फळीवर समयांची ओळ मांडलेली आहे, सगळ्या एका घडणीच्या. गुरुजींनी ती पाहिली आहे. ‘ढाबेवाला असून काय सांस्कृतिक माणूस आहे!’ असं त्यांनी आम्हाला येऊन सांगितलं.

या सगळ्यात वहिनी कुठे असतात? चुलीपाशी नव्हे, गॅसपाशी. चूल फक्त फोटोला पेटते. त्यांना इंग्रजी येत नाही, पाहुण्याला मराठी येत नाही, म्हणून दोघांचं बोलणं फार वेळ चालतं. सत्काराची माणसं जमवायला गुरुजी बाहेर पडले की वहिनी पाहुण्याला बादली दाखवतात, वरणभात वाढतात आणि खोलीचं दार लोटून घेतात. रात्री गुरुजी जागतिक शांततेवर येऊ लागले की ‘झोपू द्या जी त्याले आता’ म्हणून सरळ दिवा घालवतात. एका जर्मन मुलीने दोन दिवस त्यांच्याकडे बसून सांबारवडी करायला शिकून घेतली. वहिनींनी तिची फाटलेली पिशवी गोधडीच्या टाक्याने शिवून दिली. गुरुजींना पाहुण्याच्या देशाची राजधानी, लोकसंख्या आणि मुख्य पीक ठाऊक असतं. पाहुण्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हे वहिनींना ठाऊक असतं. त्या मुलीचं पोस्टकार्ड आलं ते वहिनींच्या नावाने. गुरुजींनी ते ‘संस्थेला आलेला अभिप्राय’ म्हणून लॅमिनेट करून बैठकीत लावलंय. शेजारीच दुसऱ्या एका पाहुण्याचे शब्द मोठ्या अक्षरांत आहेत: यजमान अत्यंत उत्साही आहेत. लिहिणाऱ्याने ‘अत्यंत’च्या खाली दोनदा रेघ मारली आहे. गुरुजी ती आलेल्या-गेलेल्याला बोट लावून दाखवतात.

गुरुजी स्वतः पूर्वेला रायपूर आणि पश्चिमेला पंढरपूर यांच्या पलीकडे गेलेले नाहीत. पासपोर्ट आहे. एकदा मुदत संपली, तर त्यांनी तो कोरा असतानाच नवा करून घेतला. ‘जाऊन काय करायचं? तिकडची माणसं तर इकडेच येतात.’

तेव्हा कोणी ओळखीचा सायकलवाला नागपूरहून रायपूरकडे निघालाच, तर त्याला एवढं सांगून ठेवा. नागपूर पहाटे सोड, म्हणजे दुपारीच पोचशील आणि सत्काराआधी झोप पदरात पडेल. पासपोर्ट वरच्या कप्प्यात ठेव. सायकलची किंमत विचारली तर भेट मिळाली म्हणून सांग. कॅरिअरवर दीड किलोची जागा ठेव. आणि कितीही घाई असली तरी पुलावरून जाऊ नकोस, खालून जा. वर कोणी जेवायला घालत नाही.