मागचा पंख आणि तुरीचं पोतं

मोटारीच्या पाठीवर पंख हवा आणि तो घरी, स्वतःच्या हातांनी फायबरचा केलेला हवा, असं माझं ठाम मत आहे. ठाम मताला कारण लागतं, आणि आमच्या बिदर-कलबुर्गीकडे कारण तीन भाषांत विचारलं जातं. मराठी माणूस विचारतो ‘कशाला?’, कन्नड विचारतो ‘याक?’ आणि दखनी बोलणारा ‘कायकू?’. सीमाप्रश्नावर ज्यांचं कधी जमलं नाही त्यांचं या एका प्रश्नावर संपूर्ण एकमत आहे. तेव्हा उत्तर एकदाच आणि सविस्तर लिहून टाकलेलं बरं. माझं शास्त्र पक्कं आहे अशी माझी समजूत आहे. ती पुढच्या परिच्छेदापर्यंत तरी टिकावी.

शास्त्र असं. विमानाचा पंख हवेच्या जोरावर विमान वर उचलतो, तोच पंख उलटा करून मोटारीवर बसवला की मोटार खाली दाबली जाते, टायर रस्त्याला धरून राहतात आणि वळणावर गाडी घसरत नाही. उलट्या पंखाची कल्पना बिदरच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. ‘सूर्यकिरण’ हा हवाई दलाचा कसरतपटूंचा ताफा १९९६ साली इथेच जन्माला आला. आधी किरण आणि आता हॉक विमानं घेऊन ही मंडळी आमच्या डोक्यावर पोटं वर करून उडतात. तर हिशेब मांडू. साडेचार फूट लांब आणि आठ इंच रुंद पंख धरा, त्याच्या आकाराला पैकीच्या पैकी गुण द्या. ताशी ४० किलोमीटरला तो गाडी दाबतो दोन किलोहूनही कमी वजनाने. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणजे ८० ला साडेसात-पावणेआठ किलो आणि १२० ला सतरा-अठरा. आता घरी केलेला पंख, त्याच्या पट्ट्या, नट-बोल्ट असं सगळं मिळून चारेक किलो सहज भरतं. म्हणजे औराद किंवा भालकीच्या रस्त्यावर, जिथे खड्डा, गतिरोधक आणि म्हैस यांच्यामधून ४० चा वेग हीच चैन आहे, तिथे हवेपेक्षा पंखाचं स्वतःचं वजनच गाडी जास्त दाबतं. याउलट डिकीत कलबुर्गीच्या तुरीचं दहा किलोचं पोतं टाकलं तर ते रेल्वे फाटकाशी गाडी उभी असतानासुद्धा पूर्ण दहा किलोने दाबतं. शिवाय त्या तुरीला भौगोलिक मानांकन आहे, माझ्या पंखाला नाही. आणखी एक कबुली देऊन टाकतो: आपल्या लहान गाड्यांची पुढची चाकं ओढतात. शेपटीवर भार दिला की पुढची बाजू हलकी होते. पंख जिथे दाबायला हवं तिथून भार उचलतो आणि जिथे गरज नाही तिथे टाकतो. सरकारी बदल्यांची आठवण करून देणारी ही व्यवस्था आहे.

समजूत टिकली नाही. पण म्हणून मत सोडावं असं काही नाही. कारण बदललं की झालं. पंखाचा उपयोग नाही, हे मान्य. प्रश्न असा आहे की उपयोग नसलेली गोष्ट जीव तोडून करण्याला या मातीत आधार आहे का? आहे, आणि तोही शहराच्या नावाचा. बिदरी घ्या. सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं, अशा बेताने धातू ओततात. ओतलेलं भांडं राखाडी, निस्तेज, टाकाऊ दिसतं. ते कानशीने घासतात, मोरचुदाने तात्पुरतं काळं करतात, म्हणजे कोरताना रेघ दिसावी. मग छिन्नीने वेलबुट्टी कोरायची आणि त्या खाचांत चांदीची तार हातोडीने ठोकून बसवायची, एक एक पान, एक एक देठ. इतकं करूनही खरा चमत्कार शेवटी आहे. किल्ल्याच्या जुन्या भागातली, ऊनपाऊस न लागलेली माती आणून ती नवसागराबरोबर पाण्यात कालवतात आणि तापवलेल्या भांड्यावर चोळतात. जस्ताचा धातू गडद काळा पडतो आणि चांदी तशीच्या तशी पांढरी राहते. माती चांगली की वाईट हे कारागीर जिभेवर ठेवून ठरवतात. जगात इतक्या प्रयोगशाळा आहेत, पण बिदरीची माती अजून जीभ पास करते. हुक्क्याच्या बुडाला हे सगळं हवं होतं का? साध्या मडक्यातूनही तंबाखू तितकीच ओढली जाते. बिदरीचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती हुक्का नीट ओढला जातो म्हणून नव्हे. मी बिदरीबद्दल बोलायला लागलो की थांबत नाही, हे मला ठाऊक आहे; पण या काळ्या-पांढऱ्यावर डोळा ठरल्यावर पंखाच्या किलोंचा हिशेब मागणारा माणूस मला जरा कोरडा वाटतो.

‘मग बाजारातून आण,’ हा पुढचा आक्षेप. तयार पंख मिळतो, चिकटपट्टीवर चिकटतो, रंगही जुळवून देतात. पण मजा करण्यात आहे, आणि कृती आपल्या ओळखीची आहे. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची गोधडी. धागा ताणाला चिवट पण उभा राहत नाही. रेझिन उभं राहतं पण एकटं असलं तर ठिसूळ. दोघांची गाठ घातली की दोघांचीही खोड जाते. माळवदाच्या घराच्या भिंतीत मातीबरोबर भुसा कालवणाऱ्याला हे तत्त्व ठाऊक होतं; त्याने फक्त त्याला इंग्रजी नाव दिलं नाही म्हणून पेटंट हुकलं. आतला गाभा फोमचा, तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापलेला. इथे नवशिके हमखास थर्माकोल घेतात आणि त्यावर स्वस्तातलं पॉलिस्टर रेझिन ओततात. ते रेझिन थर्माकोल खातं. बघता बघता पंखाच्या जागी खड्डा उरतो. तिथे इपॉक्सी हवं, नाहीतर फोम दुसऱ्या जातीचा हवा. ही धाग्यांची गोधडी, म्हणजे मॅट, पांढरीशुभ्र असते, ब्रशने रेझिन पाजलं की पारदर्शक होते, आणि जिथे पांढरा ठिपका राहिला तिथे हवा अडकली असं समजून रोलर फिरवायचा. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासताना जी पूड उडते तिच्यापुढे खाजकुयली म्हणजे चंदनाचा लेप. बेंगळुरूच्या सिपानी कंपनीने ऐंशीच्या दशकात डॉल्फिन नावाची अख्खी मोटार फायबरच्या अंगाची काढली होती. म्हणजे हे काम कर्नाटकाला परकं नाही. मला खरा राग येतो तो इथे. आपली पोरं इथल्याच कॉलेजांत शिकतात, पुण्याला आणि हैदराबादला जाऊन साचे करतात, आणि तिथून बनून आलेला माल इथे ‘कंपनीचा’ म्हणून वरच्या भावाला विकला जातो. तोच हात बसवकल्याणच्या गॅरेजात असेल तर त्याचं काम ‘जुगाड’ ठरतं. हात तोच असतो, बदललेला असतो तो फक्त पिनकोड.

यात हौस किती आणि मिरवणं किती, असं विचाराल तर निम्मं निम्मं म्हणून सुटता येईल, पण ते खरं नाही. मिरवणंच जास्त. पंख मागे असतो, चालवणाऱ्याला दिसतो तो आरशात, आणि तोही मागचं ट्रॅफिक झाकून. तो असतो मागच्यासाठी. पंखाला कायद्याचीही अडचण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रूपात फेरबदल करायला मोकळीक देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आणखी घट्ट लावला. कायद्याचा कीस काढणं या मातीला नवं नाही: विज्ञानेश्वराने कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य दरबारात बसून मिताक्षरा हा कायद्याचा ग्रंथ लिहिला. भाऊबंदांच्या वाटणीतला एकेक धागा त्याने उलगडला. आज तो बसवकल्याणला असता तर पंख ही गाडीबरोबर जाणारी वस्तू की वेगळी मिळकत, यावर त्याने पानंच्या पानं लिहिली असती आणि आरटीओने ती न वाचता पावती फाडली असती.

शेवटचा आक्षेप मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. पंख तुटला तर? १९६९ साली बार्सिलोनाच्या मोंजुइक सर्किटवर लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख फॉर्म्युला वनच्या एकाच शर्यतीत मोडले, ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट दोघेही आदळले, आणि पुढच्याच मोनॅको शर्यतीत तसल्या उंच पंखांवर बंदी आली. ते पंख जगातल्या उत्तम कारागिरांनी केले होते आणि मागून येणाऱ्यांना शर्यतीचं भान होतं. आमच्या रस्त्यावर मोटारीच्या मागे असते ती दुचाकी, तिच्यावर तिघं, आणि टाकीवर बसवलेलं एक लहान मूल. तुटलेल्या फायबरची कड पात्यासारखी असते. बिदरीतली चांदी निसटली तर दुरुस्त करता येते. हिशेबात दोन किलोंचा जोर देणाऱ्या वस्तूसाठी त्या टाकीवरच्या मुलाला धोक्यात घालायचा मला अधिकार नाही, आणि तुम्हालाही नाही. हवेच्या दाबाचा विचार मी कितीतरी केला आहे. बोल्ट पत्र्यात बसणार, पत्र्यामागे आधाराची पट्टी हवी, इतका साधा विचार मात्र माझ्या आराखड्यात सर्वांत शेवटी येतो. मिरवायच्या वस्तूत दिसणाऱ्या भागाला पहिला मान मिळतो, हा माझाच दोष आहे.

तेव्हा माझं मत थोडं आवरून सांगतो. पंख करावा, घरीच करावा, आरशासारखा घासावा आणि गाडीवर न लावता बैठकीच्या भिंतीवर टांगावा, जिथे तो एरवीपेक्षा फक्त दोन किलोंनी कमी उपयोगी ठरतो. आणि करायचाच असेल तर डिसेंबरात, सकाळी सातच्या आत हात घाला. कलबुर्गीच्या मे महिन्यात पारा बेचाळिशीच्या वर असताना रेझिनमध्ये हार्डनर घातला की काकवीचा गूळ व्हायला लागतो तो प्लॅस्टिकच्या मगातच, आणि ब्रश त्यातच उभा राहतो.