स्वस्तकाडतूस-मीमांसा

अनुबंध. कोणत्याही शास्त्राला विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार खांब लागतात. आमचा विषय: पॉइंट ४५च्या पिस्तुलातून पॉइंट २२ची गोळी झाडणे. प्रयोजन: काटकसर. संबंध: चाप आणि खिसा यांचा. अधिकारी: कागदाला भोकं पाडता पाडता ज्याच्या खिशाला भोक पडलं आहे, असा कोणताही अमेरिकन गृहस्थ.

सूत्र १. नळी बदलली तरी पिस्तूल तेच.
भाष्य. कोल्ट कंपनीच्या १९११ मॉडेलची नळी, स्लाइड, स्प्रिंग आणि मॅगझिन उतरवून रूपांतराच्या संचातले बावीसचे भाग चढवतात. पूर्वपक्षी विचारतो, मग जुनं उरलं काय? उत्तर: कायदा. १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टच्या लेखी शस्त्र म्हणजे फ्रेम. नळी आणि स्लाइड हे नुसते सुटे भाग. आत्मा सांगाड्यात वसतो हे वेदान्त्यांना अमान्य असेल, वॉशिंग्टनला मान्य आहे.

सूत्र २. हलक्याने जड हलत नाही.
भाष्य. पंचेचाळीसची नेहमीची गोळी २३० ग्रेनची, म्हणजे जवळपास १५ ग्रॅम; बावीसची ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम. या चिमुरडीला जड स्लाइड मागे रेटता येत नाही. म्हणून १९३१ साली कोल्टने हलक्या स्लाइडचं ‘एस’ हे बावीसचं पिस्तूल काढलं. गोळी स्वस्त झाली, पण हाताला खरा धक्काच बसेना. मग सराव कशाचा?

सूत्र ३. टळलेला धक्का विकत मिळतो.
भाष्य. इथे डेव्हिड मार्शल विल्यम्स प्रवेश करतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या तुरुंगात शिक्षा भोगताना बंदुका घडवणारा हा मुनी. त्याची युक्ती अशी की काडतूस बसतं तो कप्पाच सरकता ठेवायचा. बार उडाला की वायू कप्प्याच्या पुढच्या तोंडावर दाबतो, कप्पा मागे सरकून स्लाइडला ढकलतो आणि बावीसची गोळी पंचेचाळीसचा आव आणते. हा कप्पा १९३७च्या ‘सर्व्हिस एस’मध्ये आला, १९३८ साली रूपांतराच्या संचात. थोडक्यात, पैसे वाचवायला छोटी गोळी घेतली आणि पैसे मोजून मोठीचा धक्का परत आणला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. वर शिशाची काजळी साचून कप्पा अडकतो, ती खरवडण्याचं पुण्य वेगळं.

उपसूत्र. कोल्टने ‘सर्व्हिस एस’चं पुन्हा पंचेचाळीस करणारा उलटा संचही काढला. तो फारसा खपला नाही. महागाईकडे नेणारी काटकसर पचवण्याइतकं तत्त्वज्ञान गिऱ्हाइकाकडे नव्हतं.

सूत्र ४. वाचलेला पैसा झाडला जातो.
भाष्य. संच ३०० डॉलरचा आणि गोळीमागे बचत २० सेंटची धरली, तर १५०० गोळ्यांत वसुली. इथे गणित संपून मनुष्यस्वभाव सुरू होतो. पन्नासाच्या पेटीवर भागवणारा आता पाचशेचा खोका फोडतो. इंजिनं कमी कोळसा खाऊ लागली की देश जास्त कोळसा जाळतो, हे अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८६५ सालीच लिहून ठेवलं. पण नेमबाज अर्थशास्त्र वाचत नाहीत आणि अर्थशास्त्रज्ञांचा नेम लागत नाही.

फलश्रुती. जो हे प्रकरण नित्य वाचेल त्याचा नेम सुधारेल, खर्च वाढेल, आणि या दोन्हींचा हिशेब तो एका वहीत कधीही लिहिणार नाही.