मचाणावरची सून

“काय ओ काकी, ऐकलं का? गलाईवाल्यांची धाकली सून परवा रातभर घरात नव्हती म्हणं.”

“रातभर? आणि सासू काय झोपली हुती?”

“सासूनंच डबा बांधून दिला! बुद्धपौर्णिमा हुती न्हवं. सागरेश्वरात मचाणावर बसून जनावरं मोजत हुती. टिपूर चांदणं, वढं आटल्यालं, मग सांबर म्हणू नका, चितळ म्हणू नका, समदं पाणवठ्यावरच येतंय. आलं की लिहायचं : नर का मादी, पाडस हाय का, किती वाजलं. बोलायचं न्हाई. अत्तर-पावडर न्हाई, वास जातोय.”

“तिला तोंड मिटून बसवलं? लई मोठं काम झालं मग! आगं, माझं म्हायेर देवराष्ट्रं. सागरेश्वरात पहिलं नुसता उघडा माळ. मोहित्यांच्या वडगावच्या धों. म. मोहिते अण्णांनी ध्यास घेतला, झाडं लावली, जनावरं आणून सोडली, 1985 ला अभयारण्य झालं. जेमतेम 11 चौरस किलोमीटर, पर माणसानं केल्यालं रान हाय ते.”

“आणि थंडीत तिचं मायणीचं तळं. नोव्हेंबरात पक्षी सप्ताह असतोय, पाखरांचा अभ्यास केल्याल्या चितमपल्लींचा 5 तारखेला जन्मदिवस, 12 ला सलीम अलींचा. आमची बारकी गेलती तिच्यासंगं. रोहित पक्षी डोकं उलटं करून चोचीनं चिखल गाळून खातोय, हे घरी येऊन करून दाखवलं, ताटातली आमटी सांडंस्तवर.”

“आता कुठं येत्यात पहिल्यावाणी थवं?”

“त्यास्नी उथळ पाणी लागतंय. तळं तुडुंब भरलं की आपण खूश, ती पाखरं नाराज. 2021 ला मायणीला राखीव क्षेत्र केलंय, पर पाखरांस्नी सरकारी कागद वाचाय येत न्हाई. पाऊस तोंडावर आला की हिचं टिटवीमागं. माळावर उघड्यावर अंडी घालती ती. ही भोवतीनं दगडं मांडती, ट्रॅक्टरवाल्यानं बघावं म्हणून.”

“मोजतीया तर माझ्या भावाच्या रानातली बी मोज म्हणावं. कुंपणाभायेर आल्याली काळविटं मक्याचं कवळं कोंब खाऊन गेली.”

“वनखात्याकडं लगेच अर्ज करायचा, पंचनामा हुतोय, भरपाई मिळती. तुमच्या भावाचा सातबारा मागितलाय तिनं.”

“तिला काय ठावं माझ्या भावाचं?”

“मी सांगितलं की. पहाटं मचाणावरनं उतरताना.”

“आँ? आणि मघापासनं तिचं नाव पुढं करतीस व्हय गं!”